वाळवीने खाल्लेला सूर्य

चिकुसे गुरुजींना सूर्य अर्धाच आवडत असे.

पूर्ण सूर्याशी त्यांचं काही वैर नव्हतं. आकाशात तो रोज पूर्णच निघतो आणि झोम्बा गावावर दिवसभर तळपतो, त्याबद्दल गुरुजींनी कधी तक्रार केली नाही. पण मलावीच्या झेंड्यावरचा सूर्य मात्र अर्धा हवा, लाल हवा आणि उगवता हवा, यावर ते ठाम होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि तो झेंडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वडिलांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून. लहानपणी कॅरियरवरून पाहिलेल्या गोष्टी माणूस सहसा विसरत नाही.

पुढे प्राथमिक शाळेत मास्तर झाल्यावर, आणि मग हेडमास्तर झाल्यावर, दर जुलैत त्यांनी मुलांना हा धडा शिकवला. वरचा काळा पट्टा आपल्या माणसांचा. मधला लाल, स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा. खालचा हिरवा, आपल्या जमिनीचा. आणि काळ्या पट्ट्यातला अर्धा लाल सूर्य म्हणजे आफ्रिकेची पहाट. किरण एकतीस, कारण आफ्रिकेत स्वतंत्र होणाऱ्या देशांत आपला नंबर एकतिसावा. दरवर्षी एक तरी पोर हात वर करून विचारायचं, "पण गुरुजी, हा मावळत नाहीये कशावरून?" आणि दरवर्षी गुरुजी तितक्याच शांतपणे सांगायचे, "बाळा, सूर्य मावळतो तेव्हा शाळा सुटलेली असते. झेंडा आपण सकाळी चढवतो."

ते निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत सरकारने झेंडा बदलला. सूर्य पूर्ण केला, पांढरा केला, अगदी मधोमध आणून बसवला आणि पट्ट्यांचीही अदलाबदल करून लाल वर नेला. कारण असं दिलं की देशाची आता प्रगती झाली, पहाट संपली, दिवस वर आला. पुढच्याच वर्षी गुरुजी आपल्या म्हाताऱ्या गाडीत पेट्रोलच्या रांगेत सकाळपासून दुपारपर्यंत बसले होते. तेव्हा त्यांनी काच खाली करून मागच्या गाडीवाल्याला सांगितलं, "दिवस वर आलाय म्हणतात. खरंय. माझ्या टकलाला चांगला लागतोय."

शाळेचा झेंडा उतरवायचा हुकूम आला त्या दिवशी मात्र ते शाळेत गेले. नव्या हेडमिस्ट्रेस कुम्वेंडाबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांच्याकडून त्यांनी जुना झेंडा मागून घेतला, घरी आणला, डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. नंतर दोन वर्षं लग्न असो, बारसं असो की मयत, गुरुजी चहाचा पहिला घोट घेऊन म्हणत, "अख्ख्या झोम्ब्यात खरा झेंडा आता एकाच घरात आहे." सुरुवातीला लोक विचारत, "कुणाच्या?" नंतर विचारेनासे झाले, तेव्हा गुरुजी स्वतःच सांगू लागले.

आणि बघा, सूर्य पुन्हा अर्धा झाला. सरकार बदललं, संसदेने जुना झेंडा परत आणला. त्याच आठवड्यात कुम्वेंडाबाई गुरुजींच्या पडवीत येऊन बसल्या.

"गुरुजी, सहा जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, शाळेत झेंडावंदन आहे. सगळीकडे झेंड्यांची ओरड आहे. तुमच्याकडचा..."

"सुरक्षित आहे," गुरुजी म्हणाले.

"मी शिक्षणाधिकाऱ्यांनाही बोलावलंय. त्यांना सांगितलं की आमच्या गुरुजींनी दोन वर्षं तो जिवापाड जपला. ते म्हणाले, मुलांना ही हकिगत गुरुजींच्याच तोंडून ऐकवा."

"ऐकवतो," गुरुजी म्हणाले. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी एस्नाट मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होत्या. त्यांच्या पळीचा आवाज थांबला. बायकोच्या पळीचा आवाज अचानक थांबला की शहाण्या नवऱ्याने बोलणं आवरतं घ्यावं. पण गुरुजी पुढे म्हणाले, "एक धागा हललेला नाही त्याचा."

बाई गेल्यावर एस्नाट बाहेर आल्या. "अहो, ती ट्रंक आतल्या खोलीत नाहीये."

"म्हणजे?"

"तुमच्या काकांच्या मयतीला पन्नास माणसं आली होती. त्यांना निजवायचं कुठे? मी ट्रंक मागच्या कोठीत ठेवली."

"कोठीत कशावर ठेवलीस?"

"खाली."

कोठीची जमीन मातीची होती. गुरुजी उठले, किल्ली घेतली आणि कोठीकडे चालू लागले.

ट्रंकेचं झाकण उत्तम होतं, कुलूपही उत्तम होतं. तळाला मात्र गंजून पैशाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून मातीची एक सुबक नळी आत शिरली होती. वाळवीने झेंडा अगदी अभ्यासपूर्वक खाल्ला होता. काळा पट्टा सबंध गेला होता. सूर्य गेला होता, एकूण एक किरणांसकट. लाल पट्ट्याची चाळण झाली होती. हिरवा तेवढा जसाच्या तसा राहिला होता. डांबरगोळ्या एका कोपऱ्यात सरकवून ठेवल्या होत्या, पाहुण्याने ताटातली नको असलेली भाजी सरकवावी तशा.

"खग्रास," गुरुजी एवढंच म्हणाले आणि ट्रंकेच्या कडेवर बसले.

"बाईंना जाऊन खरं सांगा," एस्नाट म्हणाल्या.

"काय सांगू? की ज्या माणसाने तीन पिढ्यांना सूर्य शिकवला, त्याच्या घरी सूर्याला वाळवी लागली?"

"मग नका सांगू. पण उपाशी बसू नका. न्सिमा निवतेय."

गुरुजींनी ठरवलं की ही गोष्ट चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. ती बाहेर जायला अर्धा तास लागला, कारण शेजारचे मसोसा कुंपणावरून सगळं बघत होते. झोम्बा राजधानी होती तेव्हा मसोसा सचिवालयात कारकून होते. पुढे राजधानी लिलोंग्वेला गेली, मसोसा गेले नाहीत. पण त्यांचा आवाज अजून सचिवालयातच होता.

"चिकुसे, घाबरायचं कारण नाही," ते कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले. "जीर्ण झेंडा दाखवायचा आणि नवा घ्यायचा. सरकारी भांडारात तशी सोय असते. माझं नाव सांगा."

"तिथे तुमचं नाव कुणाला माहीत असेल?"

"नसेल तर अजून सोपं. संशय येणार नाही."

गुरुजी उरलेला झेंडा पिशवीत घालून भांडारात गेले. खिडकीमागे एक तरुण भांडारपाल शेंगा सोलत बसला होता.

"झेंडा हवा होता," गुरुजी म्हणाले.

"कोणता?"

"जुना."

"जुना म्हणजे पूर्ण सूर्याचा ना? हवे तेवढे न्या, गठ्ठे पडलेत."

"नाही. जुना म्हणजे अर्ध्या सूर्याचा."

"तो नवा, बाबा. संसदेने केला ना परत. जुना आता हा पूर्ण सूर्याचा. नवा अजून आलेला नाही."

"आला की मिळेल?"

"मिळेल. पण नवा घ्यायचा तर जुना जमा करावा लागतो."

"कोणता जुना?"

भांडारपालाने शेंगा सोलायचं थांबवलं. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नसावा. "नियम केला तेव्हा जुना एकच होता," तो म्हणाला.

गुरुजींनी पिशवी उघडून लाल चाळण आणि हिरवा पट्टा दाखवला. भांडारपालाने तो खिडकीतून आत ओढून नीट पाहिला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"हा तर नव्या झेंड्याचा तुकडा आहे."

"जुन्या. म्हणजे, होय."

"नवा झेंडा आम्ही अजून कुणालाच दिलेला नाही. मग हा तुमच्याकडे आला कुठून?"

छत्तीस वर्षं मुलांच्या दप्तरांतून चोरीचे पेरू बाहेर काढणाऱ्या माणसावर अशी वेळ यावी, याला काय म्हणायचं. गुरुजींनी एकोणीसशे चौसष्टपासून हकिगत सांगायला सुरुवात केली. भांडारपाल म्हणाला, साहेब जेवून येईपर्यंत थांबा, मग साहेबांना सांगा. गुरुजींनी खिडकीतून झेंड्याचं टोक धरलं, हलकेच ओढून घेतलं, "जेवून येतो," म्हणाले आणि निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांची पिशवी तपासली. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला, हे त्याहून वाईट.

"गुरुजी, फडकं घेऊन कुठे?"

"घरी," गुरुजी म्हणाले. देशाचा झेंडा फडकं म्हणून सोडवून न्यावा लागला, हे त्यांनी एस्नाटनासुद्धा सांगितलं नाही.

आता एकच मार्ग होता: झेंडा शिवून घेणं. किराणा दुकानाच्या ओट्यावर पायमशीन घेऊन बसणारा फायसन हाही त्यांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, काही काळजी करू नका. मी तुमच्याच हाताखालून गेलोय."

"म्हणूनच काळजी वाटते," गुरुजी म्हणाले.

"झेंडा म्हणजे काय, तीन पट्ट्यांची चादर. हिरवा तुमचा जुनाच लावू, चांगला धड आहे. काळं कापड विजारीचं आहे. मोठा लाल पट्टा भजनी मंडळाच्या पडद्यातून निघेल, ते तो टाकूनच देणार होते. वर लाल, मध्ये काळा, खाली हिरवा. बरोबर?"

"चूक. वर काळा."

"नाही हो, वर लाल," ओट्यावर मक्याची आंबील, थोब्वा, पिणारा एक गिऱ्हाईक म्हणाला. "रोज बघतो मी पोलीस चौकीवर."

"तो पूर्ण सूर्याचा. अर्ध्याला वर काळा."

"माणसं वर कशी? जमीन वर हवी," मक्याची कणसं भाजणारी बाई म्हणाली. "जमीन नसेल तर माणसं कुठली?"

"जमीन खाली असते, मायबाई. आपण तिच्यावर उभे आहोत," गुरुजी म्हणाले. "सूर्य आकाशात असतो, म्हणून तो वर. तो काळ्यात आहे, म्हणून काळा वर."

यावर सगळ्यांनी विचार केला आणि काळा वर गेला. लोकशाहीत वेळ लागतो, पण काम होतं.

मग किरणांचा प्रश्न आला. मसोसा कोनमापक घेऊन आले होते. "अर्ध्या वर्तुळाचे अंश एकशे ऐंशी. भागिले एकतीस. भाग जात नाही, चिकुसे. हा सूर्य गणितात बसत नाही. तीस करा. खालून कोण मोजणार आहे?"

इथे मात्र गुरुजींच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा तेज आलं. त्यांनी शेंगांची टरफलं मागवली आणि फायसनच्या मशीनवर ओळीने मांडली. "कुंपणाला खांब किती आणि मधल्या मोकळ्या जागा किती? दोन्ही टोकांना खांब असेल तर जागा एकने कमी. किरण एकतीस, जागा तीस. एकशे ऐंशी भागिले तीस. सहा. बरोब्बर सहा अंश." मसोसांनी टरफलं दोनदा मोजली आणि म्हणाले, "सचिवालयात आम्ही हे वेगळ्या पद्धतीने करायचो."

फायसनने सगळं समजल्यासारखी मान हलवली. "सूर्याला गडद लाल लागेल. पडद्याचा रंग उडालाय, तो पट्ट्याला चालेल. सूर्य फिका दिसून कसा चालेल?" आणि गडद लाल अख्ख्या बाजारात नव्हतं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा सूर्य शिवत होत्या.

"बघतो मी काहीतरी," फायसन म्हणाला. शिंप्याने असं म्हटलं की गिऱ्हाइकाने जागं राहावं. पण गुरुजी अजून सहा अंशांच्या आनंदात होते.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. एस्नाटच्या चर्चला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली होती आणि त्यानिमित्त चर्चने छापील चितेंजे काढलं होतं. आमच्याकडे काहीही साजरं करायचं तर आधी त्याचं कापड निघतं आणि बायका ते नेसून येतात, मग समारंभाला सुरुवात होते. हे कापड गडद लाल होतं आणि त्यावर मोठ्या गोलात जुन्या बिशपसाहेबांचा चेहरा होता: वर उंच टोपी, तिच्याखाली जाड चष्मा, त्याच्याही खाली भरघोस पांढरी दाढी. चोळी शिवताना बिशपसाहेब बरोब्बर पाठीच्या मधोमध यायला हवेत, तो मान. सगळ्या बायकांनी आपापली कापडं एकाच शिंप्याकडे दिली होती. शिंपी कोण, ते वेगळं सांगायला नको.

पाच जुलैला संध्याकाळी फायसन झेंडा घेऊन आला. गुरुजींनी तो पडवीत पसरला आणि बराच वेळ बघत राहिले. काळा पट्टा, लाल पट्टा, जुना हिरवा पट्टा. दोन्ही अंगांना एकेक अर्धा सूर्य, गडद लाल, कडा अशा सफाईने दुमडलेल्या की हात फिरवावासा वाटावा. त्यांनी किरण मोजले. एकतीस. उलटून मोजले. तिकडेही एकतीस.

"फायसन, हे लाल कापड आणलंस कुठून?"

"गुरुजी, शिंप्याला कापड कुठून आणलं आणि पाद्र्याला प्रवचन कुठून आणलं, हे विचारू नये."

गुरुजी हसले. त्या संध्याकाळी त्यांना हसू परवडत होतं.

सकाळी उठले तर समोरचा डोंगर दिसत नव्हता. थोड्या वेळाने समोरचा आंबाही दिसेना. चिपेरोनी उतरली होती. ती पाऊस नसते आणि धुकंही नसते. जुलैच्या थंडीत आग्नेयेकडून येते, आभाळ जमिनीला टेकवते आणि माणसाला न भिजवल्यासारखं करून पार भिजवते. गुरुजींनी कोट घातला, झेंडा प्लास्टिकच्या पिशवीत घेतला आणि एस्नाटना गाडीत बसवून शाळेत गेले.

झेंडा गुंडाळून, दोरीला सुटती गाठ मारून खांबाला बांधला गेला. वर नेऊन एक हिसका दिला की तो उघडणार. सगळं ठरल्याप्रमाणे होतं, फक्त शिक्षणाधिकारी यायचे होते. ते पेट्रोलच्या शोधात होते. तास गेला. मुलं रांगेत कुडकुडत होती. झेंड्याची गुंडाळी खांबाच्या तळाशी शांतपणे चिपेरोनी पीत होती.

तेवढ्यात फायसन बायकांच्या नव्या कपड्यांचं गाठोडं घेऊन धावतपळत आला. शिंप्याच्या हिशोबाने तो वेळेवर होता. बायका रिकाम्या वर्गात जाऊन कपडे बदलून आल्या आणि मैदानाच्या डाव्या अंगाला ओळीने बसल्या. प्रत्येकीच्या पाठीवर बिशपसाहेब. एस्नाट मात्र बसल्या नाहीत. अंगावर शाल घट्ट ओढून त्या सरळ खांबापाशी आल्या.

"अहो, माझ्या पाठीवर बिशप नाहीत."

"आं?"

"सगळ्यांना आहेत. मला नाहीत. माझ्या पाठीला शाळेच्या शर्टाचं निळं कापड लावलंय. फायसनला विचारलं तर म्हणतो, काकू, देशासाठी लागले."

गुरुजींनी फायसनकडे पाहिलं. फायसन बँडच्या मोठ्या ढोलामागे उभा होता, होता होईल तेवढा.

"उलटी बाजू बाहेर लावलीय, गुरुजी," तो ढोलाच्या कडेवरून हळूच म्हणाला. "मागून नुसतं लाल दिसतं. एका गोलात दोन सूर्य बसले, बघा ना. वरचा अर्धा एका अंगाला, खालचा अर्धा दुसऱ्या अंगाला."

"आणि कापड ओलं झालं की?"

फायसनने आभाळाकडे पाहिलं. त्याने याचा विचार केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. शाळेतही सातच्या पाढ्याला त्याचं तोंड असंच होत असे.

फाटकातून अधिकाऱ्यांची गाडी आत आली. कुम्वेंडाबाईंनी हात वर केला, बँड सुरू झाला आणि झेंड्याची गुंडाळी सुरकन वर निघाली. गुरुजींना वाटलं, दोरी धरावी. मग वाटलं, घेरी येऊन पडावं. पण मास्तर माणूस राष्ट्रगीत सुरू असताना पडत नाही. ते ताठ उभे राहिले.

वर हिसका बसला. झेंडा उघडला, जड, चिंब आणि चकचकीत. काळा पट्टा अधिक काळा झाला होता, हिरवा अधिक हिरवा. आणि काळ्या पट्ट्यातल्या लाल अर्धगोलातून, सावकाश, आंघोळ करून बाहेर यावं तसे बिशपसाहेब उगवत होते. डावीकडून दिसणाऱ्या अंगाला त्यांची उंच टोपी, कपाळ आणि जाड चष्मा. उजवीकडून दिसणाऱ्या अंगाला सूर्याची कमान वर यावी म्हणून फायसनने खालचा अर्धा उलटा लावलेला. तिथे नुसती पांढरी दाढी, मुळापासून वर उधळलेली.

डावीकडे चर्चच्या बायका होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी उठली, तोंडाशी हात नेला आणि तिने आनंदाची लांबच लांब किलकारी फोडली. दुसरीने साथ दिली, मग सगळ्या ओळीने. मैदानभर बायाबापड्या होत्या, त्यांनाही राहवेना. असा जल्लोष त्या शाळेत पूर्वी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

उजवीकडे शिक्षणाधिकारी उभे होते. त्यांनी मान मागे टाकून दाढीकडे निरखून पाहिलं. "फार तेजस्वी सूर्य आहे," ते कुम्वेंडाबाईंना म्हणाले. "किरण मोजता येत नाहीत."

"जुनं काम आहे ना, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं होतं, फायसनकडे पाहिलं होतं, आणि आता त्या आपल्या बुटांकडे बघत होत्या.

मग साहेबांचं भाषण झालं. साहेब म्हणाले, अशी निष्ठा आज दुर्मिळ आहे, आणि हा ऐतिहासिक झेंडा समारंभानंतर आपण जिल्हा कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवणार आहोत. "आता गुरुजीच मुलांना सांगतील, त्यांनी तो कसा जपला."

गुरुजी पुढे गेले. समोर मुलं होती. पहिलीतली लहान मुलं पुढे बसली होती, ओल्या केसांची, आणि सगळ्यांचे डोळे वरच्या चष्म्यावर खिळले होते. समोर नुसते अधिकारी असते, मसोसा असते, तर गुरुजींनी निभावून नेलं असतं. पण या मुलांसमोर उभं राहून त्यांनी आयुष्यात कधी खोटी बेरीज केली नव्हती.

"मुलांनो," ते म्हणाले, "मी तो जपला नाही. मी तो ट्रंकेत ठेवला आणि लोकांना सांगत फिरलो. त्या दोन वर्षांत मी एकदाही झाकण उघडून पाहिलं नाही. वाळवीने काळा पट्टा खाल्ला, सूर्य खाल्ला, लालही खाल्ला. हा नवा शिवलाय. काळं विजारीचं आहे, लाल पडद्याचं. आणि सूर्यात जे दिसतायत ते माझ्या बायकोचे बिशप आहेत. फक्त तो खालचा हिरवा पट्टा खरा, जुना, जसा होता तसा आहे."

गुरुजींना आपल्या कोटावरून पाणी ठिबकताना ऐकू आलं. मग पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने हात वर केला.

"गुरुजी, वाळवीने हिरवा का नाही खाल्ला?"

गुरुजींना उत्तर माहीत नव्हतं. ते तसं सांगणार, एवढ्यात तिच्या शेजारचा मुलगा तिच्याकडे वळून, एवढंही कळत नाही का अशा आवाजात म्हणाला, "हिरवा म्हणजे जमीन ना. वाळवी आपलंच घर कशाला खाईल?"

पहिल्यांदा हसले ते शिक्षणाधिकारी. हसता हसता त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि गुरुजींजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. हा कपाटात ठेवला असता तर लोक म्हणाले असते, बाहेर खांबावरही असाच लावा. आमच्या कार्यालयावर अजून पूर्ण सूर्यच आहे. जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि नवा आल्याशिवाय जुना उतरवता येत नाही. आज कुणीतरी विचारणार म्हणून मी सकाळपासून धास्तावलो होतो."

"भांडारात जाऊ नका," गुरुजी म्हणाले. "मी फायसनचा पत्ता देतो. फक्त कापड तुमचं तुम्ही आणा."

दुपारपर्यंत ऊन पडलं. झेंडा सुकला आणि बिशपसाहेब आले तसे हळूहळू सूर्यात परत गेले. आधी दाढी गेली, मग टोपी. चष्मा बराच वेळ रेंगाळला. चर्चच्या बायकांनी ठरवून टाकलं की तो झेंडा शाळेतच राहावा, आणि एस्नाटची पाठ मंडळाने भरून द्यावी. मसोसा म्हणाले, आपण हे सगळं आधीच सांगितलं होतं.

गुरुजी गाडीत बसले तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले होते. गाडी फाटकाशी पोचली, तर मघाची ती लहान मुलगी खिडकीशी आली.

"गुरुजी, मला कळलं. सूर्य मावळत नाहीये."

"कशावरून?"

"मावळत असता तर बिशप झोपायला गेले असते. चष्मा काढून."

छत्तीस वर्षं गुरुजी त्या प्रश्नाचं उत्तर देत आले होते, आणि इतकं चांगलं त्यांना कधी सुचलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी आधी चार विटा आणल्या आणि कोठीतली ट्रंक त्यांच्यावर ठेवली. आत काही नव्हतं. तरीही ठेवली. मग न्सिमा आणि सुकी मासळी पोटभर खाऊन ते आडवे झाले, आणि भरदुपारी, पूर्ण सूर्य डोक्यावर असताना, निवांत घोरू लागले.